‘नक्की ना?’ : एका प्रश्नाचा प्रवास

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घर किंवा जमीन खरेदी केलेल्या मंडळींना दुय्यम निबंधकांची कचेरी चांगली ठाऊक असते. दस्त तयार असतो, मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, सह्याही झालेल्या असतात. तरीसुद्धा नोंद करण्यापूर्वी तो अधिकारी समोरच्या माणसाला विचारतो, ‘हा दस्त तुम्हीच करून दिला ना? कबूल आहे ना?’ माणूस ‘हो’ म्हणतो, अंगठा टेकवतो आणि मगच नोंद होते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं ही कबुली आवश्यकच धरली आहे. लिलावातलं ‘एकवार, दोनवार, तीनवार’ हेही त्याच जातीचं. मागे फिरायची ती शेवटची संधी.

या रिवाजातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. इथे विचारणारा आणि करणारा एकच असतो. ज्याच्या हातात शिक्का, त्याच्याच तोंडी प्रश्न. उत्तर ‘नाही’ आलं तर शिक्का उठतच नाही.

संगणकाच्या पडद्यावरही असाच एक प्रश्न आपल्याला दिवसातून कितीतरी वेळा भेटतो. ‘नक्की पुसायचं?’ ‘नक्की पाठवायचं?’ ‘व्यवहार रद्द करायचा?’ आपण बटण दाबतो आणि पुढे जातो. दिसायला तो कचेरीतल्या प्रश्नासारखाच आहे. पण इंटरनेट आलं तेव्हा या प्रश्नाच्या नशिबी एक विचित्र गोष्ट आली. विचारणारा एका खोलीत राहिला आणि करणारा दुसऱ्या खोलीत गेला. त्यातून पुष्कळ घोटाळे झाले. ते कसे झाले, हे पाहण्यासारखं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. ज्यांनी १९८०-९० च्या दशकांत संगणक शिकला, त्यांना काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी रेघ आठवत असेल. एमएस-डॉसचे दिवस ते. ‘डेल’ लिहून पुढे तारा, टिंब, तारा असं टाइप केलं की त्या कप्प्यातल्या सगळ्या फायली पुसायचा हुकूम होई. एकेक फाईल पुसताना यंत्र काही विचारत नसे, पण या सरसकट हुकुमाला मात्र ते थबकायचं आणि विचारायचं, ‘आर यू शुअर?’ उत्तर ‘वाय’ किंवा ‘एन’. हार्ड डिस्क फॉरमॅट करताना तर सगळी माहिती जाईल असा ठळक इशारा येई. काही आवृत्त्यांत त्या डिस्कला दिलेलं नाव स्वतः टाइप केल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. ही नाव लिहायला लावायची युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

एवढं असूनही फायली जायच्याच. कारण साधं होतं. आठ-दहा वेळा प्रश्न आला की बोटाला ‘वाय’ची सवय होते. प्रश्न डोळ्यांपर्यंत पोचतो, डोक्यापर्यंत पोचत नाही. म्हणून १९९१ मध्ये आलेल्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ आणि ‘अनफॉरमॅट’ अशा दोन नव्या आज्ञा दिल्या गेल्या. विचारून भागत नाही, परत आणायचीही सोय हवी, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

दरम्यान टाइप करण्याची जागा क्लिक घेऊ लागला होता. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माऊस बनवला. लाकडी खोक्याचा, खाली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जमलेल्या तज्ज्ञांना दाखवला. पुढे झेरॉक्स आणि ॲपल या कंपन्यांनी तो दुकानात विकण्याजोगा केला. हुकूम टाइप करायचा तर दहा-वीस अक्षरं लागतात आणि तेवढ्या अवधीत माणसाचा विचार बदलू शकतो. क्लिकला हा अवधी नाही. त्यामुळे ‘नक्की ना?’ची गरज आणखी वाढली.

ॲपलच्या ‘लिसा’ या संगणकाची एक गंमत आहे. लिसा बाजारात आला १९८३ च्या जानेवारीत, पण त्याआधी सामान्य माणसांना समोर बसवून त्याच्या चाचण्या घेतल्या जात. प्रश्नाच्या चौकटीत तेव्हा दोन बटणं होती, एक ‘रद्द’ आणि दुसरं ‘डू इट’, म्हणजे ‘करून टाक’. एक गृहस्थ त्या चौकटीपाशी येऊन सारखे अडायचे आणि वैतागायचे. शेवटी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, की हे यंत्र मला ठोंब्या का म्हणतंय? झालं होतं असं, की ‘डू’ आणि ‘इट’ या रोमन अक्षरांत पुरेशी फट नव्हती, आणि मोठा ‘आय’ छोट्या ‘एल’सारखा दिसत होता. त्यामुळे ते वाचत होते ‘डोल्ट’. इंग्रजीत त्याचा अर्थ ठोंब्या. त्यानंतर तिथे ‘ओके’ आलं. तोवर हा शब्द फार बोलभाषेतला वाटतो म्हणून तो टाळलेला होता. आज जगभर आपण जो ‘ओके’ दाबतो, त्याच्यामागे त्या न आवडलेल्या शिवीचा वाटा आहे.

१९९५ हे साल या हकिगतीत महत्त्वाचं. २३ मे १९९५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं ‘जावा’ ही भाषा जाहीर केली. तिचे जनक जेम्स गॉसलिंग. एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही यंत्रावर चालेल, ही तिची ख्याती. जावात क्लिक कसा हाताळायचा, हा प्रश्न पहिल्या आवृत्तीत थोडा सरकारी पद्धतीनं सोडवला होता. बटण दाबलं की ती वर्दी त्या बटणापासून निघून त्याला सामावणाऱ्या चौकटीकडे, मग तिच्याही वरच्या चौकटीकडे अशी चढत जाई. प्रत्येक टेबलावर ‘ही फाईल तुमची का?’ असं विचारत जावं तसं. मोठ्या प्रोग्राममध्ये ते किचकट होई. १९९७ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.१ आवृत्तीनं ती रीत बदलली. ज्याला त्या बटणाशी कर्तव्य आहे त्यानं आधी नाव नोंदवून ठेवायचं, क्लिक झाला की फक्त त्यालाच निरोप जाईल. अशा नाव नोंदवणाऱ्याला जावात ‘लिसनर’ म्हणतात, म्हणजे श्रोता. नभोवाणीवर बोलताना हा शब्द मला विशेष आवडतो.

१९९५ च्या मे महिन्यातच नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. वेबपान उघडणाऱ्याच्या संगणकावर, ब्राउझरच्या आत चालणारी ही भाषा. डिसेंबरमध्ये तिला ‘जावास्क्रिप्ट’ असं नाव मिळालं, कारण जावाची तेव्हा चलती होती. बाकी वड आणि वडा यांच्यात जितकं नातं, तितकंच या दोघींत. नावाच्या या साधर्म्यानं पुढे कित्येक विद्यार्थ्यांचा घोळ केला आणि आजही करतं.

जावास्क्रिप्टमध्ये पहिल्यापासून ‘कन्फर्म’ नावाची एक तयार आज्ञा होती. प्रोग्रामरनं एका ओळीत प्रश्न लिहायचा. पडद्यावर चौकट येते, दोन बटणं येतात. ‘ओके’ दाबलं तर उत्तर होकारार्थी, ‘कॅन्सल’ दाबलं तर नकारार्थी. नकार आला तर क्लिक तिथेच विरतो. एका ओळीत एवढं काम! ती ओळ जगातल्या असंख्य वेबपानांवर चिकटवली गेली. तिची एक खोड मात्र सांगायला हवी. बटणांवरचे शब्द प्रोग्रामरला बदलता येत नाहीत. त्यामुळे ‘तिकीट रद्द करायचं?’ असा प्रश्न आणि खाली ‘ओके’ व ‘कॅन्सल’, असा मामला होतो. आता तिकीट रद्द करायचं असेल तर ‘कॅन्सल’ दाबायचं की ‘ओके’? रद्द करणं रद्द करायचं असेल तर काय? प्रवासाच्या गडबडीतल्या माणसाला हा तर्कशास्त्राचा पेपर कशाला?

आता त्या दोन खोल्यांकडे येऊ. वेबवरचं ॲप्लिकेशन म्हणजे एक प्रोग्राम नव्हे, निदान दोन. एक आपल्या टेबलावर, ब्राउझरमध्ये. दुसरा दूर कुठेतरी, सर्व्हर नावाच्या यंत्रावर. माहितीचा साठा त्या दुसऱ्याच्या ताब्यात असतो. खरं पुसणं, लिहिणं, पैसे वळवणं तिथे होतं. १९९७ पासून या दुसऱ्या खोलीत जावा शिरली, ‘सर्व्हलेट’ या नावानं. बँका, विमा कंपन्या, तिकीट खिडक्या यांच्यासाठी लागणारी मोठमोठी कामं तिच्यावर लिहिली जाऊ लागली. म्हणजे पहिल्या खोलीत जावास्क्रिप्ट, दुसऱ्या खोलीत जावा, आणि मध्ये तारांचं जाळं. या जाळ्यातून जाते ती फक्त एक चिठ्ठी, ‘अमुक नंबरची नोंद पुसा’ एवढं लिहिलेली. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी कुणी कुणाला ‘नक्की ना?’ विचारलं होतं की नाही, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

जावा शिकवणाऱ्यांना एक प्रसंग अगदी नेहमीचा आहे. जावात टेबलावरच्या प्रोग्रामसाठी प्रश्नाची चौकट दाखवायची फार सोपी सोय आहे, १९९८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या आवृत्तीपासून ती भाषेबरोबरच मिळते. विद्यार्थ्याला वेबपानावर ‘नक्की पुसायचं?’ असं विचारायचं असतं. तो ही चौकट सर्व्हलेटमध्ये टाकतो. स्वतःच्या संगणकावर चालवून बघतो. चौकट येते, ‘हो’ म्हटलं की नोंद पुसली जाते, ‘नाही’ म्हटलं की राहते. पठ्ठ्या खूश. मग तोच प्रोग्राम खऱ्या सर्व्हरवर चढतो, आणि वापरणाऱ्याच्या पडद्यावर काहीच येत नाही. पान नुसतं फिरत राहतं.

चौकट गेली कुठे? ती सर्व्हरच्या खोलीत उमटली. कुलूप लावलेल्या, वातानुकूलित खोलीतल्या यंत्रावर, जिथे ‘ओके’ दाबायला माणूस नाही. विद्यार्थ्याच्या घरी ती दिसली, कारण त्याच्या घरी दोन्ही खोल्या एकाच यंत्रात होत्या. २००२ च्या जावा १.४ पासून, पडदाच नसलेल्या यंत्राला आपल्याला पडदा नाही हे जावाला सांगायची रीत आली. मग तिथे अशी चौकट मागितली की जावा सरळ चूक दाखवून थांबते. ते बरं. निदान प्रश्न विचारलाच गेला नाही हे तरी कळतं.

ही भिंत प्रोग्रामरला जाणवूच नये, असेही प्रयत्न झाले. २००४ च्या मार्चमध्ये ‘जावासर्व्हर फेसेस’ ही चौकट आली. तिच्यात ब्राउझरमधला क्लिक सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रामपर्यंत असा पोचवला जातो, की जणू बटण तिथेच दाबलं. २००६ च्या मे महिन्यात गुगलनं उलटी वाट दाखवली. प्रोग्रामरनं सगळं जावात लिहायचं आणि गुगलच्या साधनानं त्याचं जावास्क्रिप्ट करून ब्राउझरमध्ये पाठवायचं. दोन्ही कल्पना हुशारीच्या होत्या. पण भिंत लपवता येते, पाडता येत नाही. माझ्या मते भिंत लपवल्यानं नव्या प्रोग्रामरांचं नुकसानच अधिक झालं. आपण कुठल्या खोलीत उभे आहोत हेच त्यांना कळेनासं झालं.

या दोन खोल्यांची किंमत काय असते, हे २००५ च्या मे महिन्यात अनेकांना एकदम कळलं. गुगलनं ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचं एक फुकट साधन बाजारात आणलं. हेतू चांगला होता, संथ इंटरनेट जलद भासावं. युक्ती अशी की तुम्ही एखादं पान वाचत असताना हे साधन त्या पानावरच्या दुव्यांमागची पानं आधीच आणून ठेवी. तुम्ही दुव्यावर क्लिक केलं की पान तयार. हॉटेलातल्या पोऱ्यानं तुम्ही मागण्याआधीच चहा भरून ठेवावा तसं.

याच सुमारास शिकागोच्या ३७सिग्नल्स या कंपनीचं ‘बॅकपॅक’ नावाचं वेब ॲप्लिकेशन नुकतं सुरू झालं होतं. टिपणं, याद्या, फायली ठेवायची जागा. तिथल्या काही लोकांची टिपणं गायब होऊ लागली. कुणी पुसली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं, की पानावर ‘पुसा’ असाही एक दुवा होता, आणि ॲक्सिलरेटर तोही इमानेइतबारे ‘आधीच आणत’ होता. पण तिथे तर ‘नक्की ना?’ची चौकट होती! होती. मात्र ती जावास्क्रिप्टची, पहिल्या खोलीतली. ॲक्सिलरेटर जावास्क्रिप्ट चालवत नव्हता. त्याला चौकट दिसलीच नाही. त्यानं थेट चिठ्ठी पाठवली आणि दुसऱ्या खोलीतल्या प्रोग्रामनं चिठ्ठीबरहुकूम टिपण पुसलं.

पुष्कळांनी गुगलला दोष दिला. मला तो अर्धाच पटतो. वेबच्या नियमांत चिठ्ठ्यांचे प्रकार आहेत. ‘गेट’ म्हणजे दाखवा, आणि ‘पोस्ट’ म्हणजे घ्या आणि त्याप्रमाणे करा. वाचनालयात ‘ते पुस्तक जरा दाखवा’ म्हणणं वेगळं आणि ‘ते रद्दीत काढा’ म्हणणं वेगळं. ‘गेट’नं नुसतं पाहावं, त्यानं काही बदलू नये, हे १९९९ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमपत्रात स्पष्ट होतं. आणि साधा दुवा क्लिक केला की जाते ती ‘गेट’चीच चिठ्ठी. म्हणजे ‘पुसा’चा साधा दुवा ठेवणं हीच मूळ चूक. बॅकपॅक रूबी भाषेत लिहिलेलं होतं, पण हा भाषेचा दोष नव्हे. जावाच्या सर्व्हलेटमध्ये या दोन चिठ्ठ्यांसाठी मुद्दाम दोन वेगळे दरवाजे ठेवले आहेत. आणि त्या काळातल्या कित्येक प्रोग्राममध्ये काय लिहिलेलं असे? कोणत्याही दरवाज्यानं या, आत काम एकच! एक दरवाजा दुसऱ्याला जोडून टाकलेला. कर्त्यांनी दोन दरवाजे केले, वापरणाऱ्यांनी मधली भिंत काढली.

गुगलनं ते साधन काही दिवसांतच आवरतं घेतलं. नंतर ते सुधारून पुन्हा आलं आणि २००८ मध्ये बंद झालं. प्रोग्रामर मंडळी मात्र त्या एका आठवड्यात जे शिकली ते नियमपत्र वाचून सहा वर्षांत शिकली नव्हती.

दुसरी पंचाईत दोनदा क्लिक करण्याची. विंडोजनं आपल्याला चित्रावर दोनदा टिचकी मारायला शिकवलं. लोक वेबवरच्या बटणावरही तीच सवय चालवू लागले. परिणाम, दोन चिठ्ठ्या, कधी दोन मागण्या, दोनदा वळते झालेले पैसे. ‘कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ ही विनवणी आपण सगळ्यांनीच पैसे भरताना वाचली आहे, आणि त्या काही सेकंदांत श्वास रोखून बसलेलो आहोत. ही विनवणी म्हणजे दुसऱ्या खोलीनं आपली जबाबदारी पहिल्या खोलीतल्या माणसावर ढकलणं. यावरचा खरा उपाय जावाच्या जगात चांगलाच जुना आहे. ‘स्ट्रट्स’ ही २००० साली आलेली चौकट. तिच्यात ‘टोकन’ची सोय होती. पान पाठवतानाच सर्व्हर त्याबरोबर एक खुणेचा क्रमांक देतो. चिठ्ठी परत आली की क्रमांक जुळवतो आणि लगेच बाद करतो. त्याच क्रमांकाची दुसरी चिठ्ठी आली तर काम होत नाही. बँकेत पूर्वी पैसे काढताना पितळी टोकन मिळायचं, ते खिडकीत दिलं की पैसे. एका टोकनावर दोनदा पैसे मागायला कोण जाणार? नावही तेच, अक्कलही तीच.

इथपर्यंतचा भाग कारागिरीचा होता. पण प्रश्न योग्य खोलीत विचारला आणि योग्य माणसापर्यंत पोचला, म्हणजे काम फत्ते झालं का? ८ डिसेंबर २००५ ची टोकिओतली सकाळ याचं उत्तर देते. जे-कॉम नावाच्या कंपनीचे शेअर त्या दिवशी पहिल्यांदाच बाजारात आले होते. मिझुहो सिक्युरिटीज या मोठ्या दलाली संस्थेला एका गिऱ्हाइकासाठी एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता. टाइप झालं उलटं, ६ लाख १० हजार शेअर, प्रत्येकी एक येन. कंपनीचे एकूण शेअरच होते १४,५००. म्हणजे अस्तित्वात असलेल्या शेअरांच्या चाळीसपटीहून अधिक शेअर विकायला काढले गेले!

यंत्रानं इशारा दिला होता, किंमत मर्यादेबाहेर आहे म्हणून. पण तसे इशारे एरवीही येत, त्यामुळे तो ओलांडला गेला. डॉसच्या काळातलं ते ‘वाय’ दाबणारं बोट इथे पुन्हा दिसतं.

याहून वाईट पुढेच आहे. चूक लगेच लक्षात आली. मिझुहोनं सौदा रद्द करायचे हुकूम पुन्हा पुन्हा पाठवले. टोकिओ शेअर बाजाराच्या संगणकानं ते मानले नाहीत, कारण त्या प्रणालीत दोष होता. मागे फिरायचा दरवाजा भिंतीवर रंगवलेला निघाला. नुकसान झालं सुमारे ४० अब्ज येन. शेअर बाजाराचे अध्यक्ष ताकुओ त्सुरुशिमा यांना त्याच महिन्यात पायउतार व्हावं लागलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये टोकिओच्या जिल्हा न्यायालयानं शेअर बाजारानं मिझुहोला सुमारे १०.७ अब्ज येन द्यावेत असा निकाल दिला. चूक दिसत असूनही व्यवहार वेळीच थांबवले नाहीत, हा त्यातला मुख्य ठपका होता. चुकीचं टाइप करणाऱ्याइतकंच, थांबवू शकत असूनही न थांबवणाऱ्याकडे न्यायालयानं पाहिलं, ही मला त्या निकालातली मोलाची गोष्ट वाटते.

तिसरी घटना हवाईची. १३ जानेवारी २०१८, सकाळचे आठ वाजून सात मिनिटं. हवाई बेटांवरच्या लोकांच्या मोबाइलवर संदेश आला, क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, ही कवायत नाही. लोकांनी मुलांना न्हाणीघरात लपवलं, काहींनी निरोपाचे फोन केले. चूक झाल्याचा दुसरा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. सुरुवातीला बातम्यांत आलं की कर्मचाऱ्यानं चुकून भलत्याच ठिकाणी क्लिक केलं. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची चौकशी वेगळंच सांगते. पाळी बदलताना कवायतीचा निरोप वाजवला गेला, त्यात कवायतीचे शब्द होते आणि ‘ही कवायत नाही’ हेही शब्द होते. त्या कर्मचाऱ्याला हल्ला खराच वाटला. त्यानं समजून उमजून क्लिक केला.

मग ‘नक्की ना?’ची चौकट? आली होती. तिनं विचारलं, हा संदेश नक्की पाठवायचा ना? तो ‘हो’ म्हणाला. पण संदेश कवायतीचा असला तरी ती अगदी हेच विचारायची. कोणता संदेश, कुणाकुणाला, खरा की सरावाचा, यातलं काहीच प्रश्नात नव्हतं. दुय्यम निबंधक दस्ताचं नाव न घेता नुसतंच ‘नक्की ना?’ म्हणाला असता तर आपण काय समजलो असतो? शिवाय चुकीचा इशारा मागे घ्यायचा तयार मजकूरही त्या प्रणालीत नव्हता. त्यानंतर तिथे असा संदेश पाठवायला दोन माणसांची संमती लागेल अशी व्यवस्था केली गेली.

या ठेचांतून कारागीर शहाणे झाले. गिटहब या ठिकाणी प्रोग्रामर आपलं काम ठेवतात. तिथला अख्खा साठा पुसायचा असेल तर नुसतं ‘ओके’ चालत नाही, त्या साठ्याचं नाव स्वतः टाइप करावं लागतं. डॉसची जुनी युक्तीच ही. टाइप करताना बोट सवयीनं धावत नाही, आणि कशाचा निकाल लागतोय तेही डोळ्यांसमोर राहतं. गुगलनं २००९ च्या मार्चमध्ये जीमेलमध्ये आणखी वेगळी वाट प्रायोगिक म्हणून दाखवली. पत्र पाठवताना काहीच विचारायचं नाही. ‘पाठवा’ म्हटलं की पत्र काही सेकंद तिथेच धरून ठेवायचं आणि ‘मागे घ्या’ असा पर्याय दाखवायचा. २०१५ च्या जूनमध्ये ही सोय सर्वांसाठी रीतसर खुली झाली. पत्र टाकल्या क्षणीच चूक आठवते, हा मानवी स्वभाव इथे हिशेबात धरला. ‘केलेलं मागे घ्या’ ही कल्पना तशी नवी नव्हे. एंगलबार्ट यांनी माऊस दाखवला त्याच १९६८ साली ब्राउन विद्यापीठात घडवायला घेतलेल्या ‘फ्रेस’ या प्रणालीत ती होती. चाळीस वर्षं आपण विचारण्यावरच भर देत राहिलो.

पैशाच्या व्यवहारात मात्र मागे घ्या म्हणून भागत नाही, गेलेले पैसे पलीकडच्यानं काढूनही घेतलेले असतात. म्हणून तिथे प्रश्न पुन्हा शिक्का हातात असलेल्याकडे नेला गेला. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं कार्डानं होणाऱ्या ऑनलाइन खरेदीला दुसरी ओळख सक्तीची केली. दुकानाच्या पानावर काहीही चौकट येवो, बँक स्वतंत्रपणे पासवर्ड किंवा ओटीपी मागते. विचारणारी तीच, करणारीही तीच.

पण २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्यातल्या ‘पैसे मागण्याच्या विनंती’नं भामट्यांना नवी वाट दिली. ‘तुमचा जुना सोफा मी घेतो, पैसे पाठवलेत, फक्त पिन टाका म्हणजे जमा होतील,’ असं फोनवर सांगायचं आणि प्रत्यक्षात पैसे मागणारी विनंती पाठवायची. समोरचा पिन टाकायचा आणि त्याच्याच खात्यातून पैसे जायचे. पडद्यावर रक्कम दिसत होती. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, असे इशारेही ॲप देत होती. प्रश्न योग्य खोलीत होता, शब्दही बरे होते. फक्त फोनवरचा आवाज त्या चौकटीपेक्षा मोठा होता. काही वर्षं इशारे वाढवून पाहिल्यावर राष्ट्रीय देयक महामंडळानं इशाऱ्यांचा नाद सोडला. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचा आदेश त्यांनी बँकांना आणि ॲपवाल्यांना दिला.